वर जाताना एक दगड

जुलै महिन्यातल्या एका रविवारी सकाळी साडेसहा वाजता माझा नवरा सायकल घेऊन टेकडीवर गेला. साडेआठ वाजता गावातला एक म्हातारा दाराशी आला आणि म्हणाला, "बाय, चल." मी चप्पल घातली आणि त्याच्याबरोबर गेले. दहा वाजता डॉक्टरांनी कागदावर वेळ लिहिली.

चौदाव्या दिवशी टेकडीवरचा सायकलमार्ग चालवणाऱ्या मंडळाचे लोक घरी आले. तेरावा होईपर्यंत थांबण्याची सभ्यता त्यांनी दाखवली, हे मी मान्य केलं पाहिजे. अध्यक्ष होते, कंत्राटदार होता, आणि एक चिटणीस होते, ज्यांचा आवाज मी आजवर ऐकलेला नाही. अध्यक्षांनी खुर्चीत बसण्याआधी खिशातून रुमाल काढून हातात ठेवला. त्याचा उपयोग त्यांना करावा लागला नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "मंडळानं एकमतानं ठरवलंय. आपल्या मार्गाला त्यांचं नाव द्यायचं."

"बोर्ड एकदम ग्रॅनाइटचा," कंत्राटदार म्हणाला. "सोनेरी अक्षरं. तुमी टेन्शन नका घेऊ, वहिनी. माझी मानसं लावतील."

त्यासाठी माझ्या सहीचं संमतीपत्र हवं होतं. मसुदा त्यांनी आणलाच होता. त्यात लिहिलं होतं की माझे पती सायकलिंगचे निस्सीम भोक्ते होते, पावसाळ्यात मार्ग बंद असतानाही छंदापायी ते एकटे वर गेले, निसर्गापुढे कुणाचं चालत नाही, आणि त्यांच्या स्मरणार्थ मंडळ करत असलेल्या या उपक्रमास माझी आनंदाने संमती आहे. आनंदाने हा शब्द मी दोनदा वाचला.

अध्यक्ष उठताना म्हणाले, "भाषा तेवढी तुम्ही बघून घ्या. तुमचा हात चांगला आहे."

मी एका शाळेच्या ग्रंथालयात काम करत असे. माझा हात चांगला आहे असं मंडळाला का वाटत होतं, हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. ते सांगायला मला आवडत नाही.

आम्ही बेलापूरला राहायला आलो तेव्हा आमच्या इमारतीच्या मागे रस्ता संपत असे आणि टेकडी सुरू होत असे. माझा नवरा जवळच्या पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. दिवसभर टेबलावर वाकून दुसऱ्यांच्या यंत्रांची चित्रं काढायची, आणि घरी आल्यावर मान सरळ करायला सायकल काढायची, असा त्याचा क्रम होता. सायकल साधी, काळी, मागे कॅरिअर असलेली. घरात मी त्याला अरे-तुरे करत असे आणि चारचौघांत अहो म्हणत असे. तो दोन्हींना सारखंच उत्तर द्यायचा, म्हणजे बऱ्याचदा द्यायचाच नाही.

टेकडीवर गावकऱ्यांची जुनी पायवाट होती. गवताला आणि सरपणाला जायची वाट. ती चार वळणं घेत वर जाते. दुसऱ्या आणि तिसऱ्या वळणाच्या मध्ये एक लांब सरळ उतार आहे. त्या उतारावर वाटेला तिरप्या अशा दगडांच्या नऊ ओळी होत्या. पावसाचं पाणी वाटेवरून धावायला लागलं की ओळ त्याला अडवते आणि बाजूच्या गवतात सोडून देते. पाणी गवतात गेलं की वाट राहते. माझ्या नवऱ्याला हे पाहताक्षणी कळलं आणि तो खूश झाला. घरी येऊन त्यानं मला कागदावर ते काढून दाखवलं, बाणांसकट.

त्या ओळी कोणी घातल्या, हे त्याला म्हाताऱ्या बाबांनी सांगितलं. बाबा म्हणजे तेच, जे पुढे माझ्या दाराशी आले. तरुणपणी त्यांनी मिठागरात काम केलं होतं, नंतर भात लावला, नंतर जमीन नव्या शहरात गेली. आता ते दोन शेळ्या घेऊन टेकडीवर येत. गावाचा एक रिवाज होता. वर जाणाऱ्यानं खालच्या ओढ्यातला एक दगड उचलायचा आणि जिथं ओळ हलली असेल तिथं बसवायचा. बायका डोक्यावर रिकामं भांडं नेत, त्यात एक दगड. येताना त्याच भांड्यातून करवंदं.

"तू सायकलवर जातंस," बाबा त्याला म्हणाले, "मंग तुजा दगड मोठा पायजे."

त्या दिवसापासून माझा नवरा कॅरिअरला एक दगड बांधून वर जायला लागला. दोरी नको म्हणून जुनी सायकलची ट्यूब कापून घेतली होती. शेजारच्या बायका मला विचारत, "तुमचे हे दगड कुठं नेतात हो रोज?" मी हसून म्हणे, व्यायाम. खरं कारण सांगायला मला थोडी लाज वाटत असे. ग्रंथालयात काम करणाऱ्या बाईचा नवरा दगड वाहतो, हे मला तेव्हा फारसं शोभिवंत वाटत नव्हतं.

मग अध्यक्ष परदेशी जाऊन आले.

त्यांची मुलगी स्वित्झर्लंडमध्ये असे. तिच्याकडे ते तीन आठवडे राहिले आणि पुढची तीन वर्षं तिथून परत आले नाहीत. बेलापूरच्या ऑक्टोबरमध्ये ते गळ्याभोवती मफलर टाकून भाजी आणायला जात. त्यांनी तिथून एक घडीचं माहितीपत्रक आणलं होतं. त्यात डोंगरावरचा एक मार्ग होता. उन्हाळ्यात त्यावर लोक सायकली चालवत होते आणि हिवाळ्यात बर्फावरून घसरत होते. ते माहितीपत्रक त्यांनी आसपासच्या सोसायट्यांत फिरवलं. एका महिन्यात मंडळ स्थापन झालं आणि ओढ्याजवळ पाटी लागली: पर्वतीय मनोरंजन मार्ग, सायकलिंग व हिवाळी खेळ. आमच्याकडे हिवाळा म्हणजे पंखा तीनवरून दोनवर येतो.

सायकलिंगचा भाग मंडळानं पटकन उरकला. गिअरच्या सायकली आल्या, टोप्या आल्या, आणि मार्चपर्यंत त्या सायकली गॅलऱ्यांत वाळणाऱ्या कपड्यांखाली उभ्या राहिल्या. माझ्या नवऱ्याच्या सायकलीला ते दूधवाल्याची सायकल म्हणत. एकदा अध्यक्षांनी त्याला पहिल्या वळणावर थांबवून विचारलं होतं, "आज किती लिटर?" तो म्हणाला, "एक दगड." अध्यक्षांना तो विनोद वाटला आणि ते पुष्कळ हसले.

हिवाळी खेळांसाठी मात्र बर्फ हवा होता. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी उतारावर बर्फ पसरून उत्सव करायचा, असं ठरलं. त्याचं निमंत्रण लिहायला अध्यक्ष माझ्याकडे आले, आणि मी ते लिहिलं. उत्सवाला हिमोत्सव हे नाव मीच दिलं. "सह्याद्रीच्या कुशीत हिमालयाचा स्पर्श" हे वाक्य माझं आहे. ते लिहून झाल्यावर मला बरं वाटलं होतं. मी ते नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "शब्द चांगला आहे. बर्फ कुठून आणणार?"

बर्फ कारखान्यातून यायचा होता, मासळीवाल्यांना जातो तो, लाद्यांचा. कंत्राटदारानं ट्रक ठरवला. कंत्राटदार हा बाबांचाच मुलगा. वडिलांच्या जमिनीचं जे काही आलं त्यावर त्यानं धंदा उभा केला, इमारती बांधल्या, आणि मंडळात तो एकटाच गावातला होता. त्यामुळे अध्यक्ष भाषणात त्याचा उल्लेख "आपले स्थानिक बंधू" असा करीत. त्याला ते आवडत असे.

आता मंडळाच्या बैठकीबद्दल. ती आमच्या इमारतीच्या गच्चीवर झाली आणि निमंत्रण लिहिल्याबद्दल मलाही बोलावलं होतं, म्हणून नवराही आला. प्रश्न होता, बर्फ टिकवायचा कसा. खाली पेंढा घालायचा हे ठरलं. तो एपीएमसीच्या फळबाजारातून येणार होता. मग अध्यक्ष म्हणाले, "आणि वरून खडे मीठ."

कुणीतरी विचारलं, मीठ कशाला.

"लहानपणी आइस्क्रीमचा पॉट फिरवला नाही का? बर्फात मीठ घालतो ना आपण? का घालतो? बर्फ कडक राहावा म्हणून!"

गच्चीवर एकदम जिव्हाळा पसरला. प्रत्येकानं पॉट फिरवला होता. कुणाच्या आत्याकडे, कुणाच्या मामाकडे, मे महिन्यात, पाळीपाळीनं. हँडल जड व्हायला लागलं की आइस्क्रीम झालं. खूप मीठ घालायचे, हो, हो, अगदी मूठमूठ. पंधरा सुशिक्षित माणसं, त्यांत तीन इंजिनिअर, आपापल्या बालपणाच्या जोरावर शास्त्र ठरवत होती. मीही मान डोलावली. मीही फिरवला होता.

माझा नवरा म्हणाला, "मिठानं बर्फ वितळतो. वितळताना आतलं दूध गोठवतो. बर्फ टिकत नाही."

"अहो, मग हँडल जड कसं होतं?" अध्यक्ष म्हणाले.

"ते आइस्क्रीममुळे."

"तुम्ही ड्रॉइंगवाले," अध्यक्ष प्रेमानं म्हणाले. "आम्ही साइटवर काम केलेलं आहे."

सगळे हसले. ठराव झाला. मीठ कंत्राटदार देणार होता. बंद पडलेल्या मिठागरावर त्यांच्या घराची एक रास अजून पडून होती. शिवाय उतारावरच्या दगडांच्या ओळी काढायच्या ठरल्या, कारण घसरगाडी त्यांवर अडकली असती. नवरा पुन्हा उठला. त्यानं कागद आणला होता, बाणांसकट. अध्यक्षांनी कागद घेतला, "छान काढलंय," म्हणाले आणि त्याची घडी करून त्यावर चहाचा कप ठेवला.

हिमोत्सवाच्या आदल्या दिवशी कंत्राटदाराच्या माणसांनी नऊही ओळी उपटल्या. दगड वाया जाऊ नयेत म्हणून त्यांचा प्रमुख पाहुण्यांसाठी चौथरा बांधला. सिमेंट घालून, पक्का. बाबा शेळ्या घेऊन वर आले होते. पोरगा मिठाच्या गोणी उतरवून घेत होता.

"क्या हाय यो?" बाबांनी विचारलं.

"मीठ हाय, आबा. बर्फाला."

"मीठ खाली असतंय. डोंगरावं नेवाचा नसतंय. जिथं मीठ पडंल तिथं गवत येत नाय. बांधावं जल्म गेला माजा, तुला शिकवाला पायजे का?"

"आबा, तुमी शेल्या बगा."

"शेल्या काय खातील? तुजं मफलर?"

तेव्हा कंत्राटदारानंही मफलर घेतला होता.

रविवारी सकाळी सात वाजता बर्फ आला. फोडून, पेंढ्यावर पसरून, त्यावर मीठ मारलं. लोक स्वेटर, माकडटोप्या घालून आले होते आणि घाम पुसत होते. एका माणसानं मोठ्यानं विचारलं, "कालाखट्टा कुठं मिळेल?" बायकांच्या रांगेत हशा पिकला. अध्यक्षांनी तिकडे रागानं पाहिलं. प्रमुख पाहुणे त्या चौथऱ्यावर चढले आणि पर्यावरणावर बोलले. त्यांचं बोलणं लांबलं तसा हिमालय पायाखालून वाहू लागला. भाषण संपलं तेव्हा पेंढा उरला होता.

तरी अध्यक्ष फोटोपुरते एका प्लास्टिकच्या टबात बसले. टब हातभर सरकला आणि चिखलात रुतला. त्यांना चौघांनी काखेत हात घालून बाहेर काढलं. तो फोटो मंडळाच्या वार्षिक अहवालात आहे. खाली लिहिलंय, "अध्यक्ष हिवाळी खेळांचा आनंद लुटताना." ती ओळ मी लिहिलेली नाही. तेव्हा मी मंडळासाठी लिहिणं बंद केलं होतं.

त्या उतारावरचं गवत महिन्याभरात पिवळं पडलं आणि नंतर गेलं. मिठाचं पाणी जिथवर ओघळलं तिथवर, वाटेच्या दोन्ही बाजूंना, जमीन उघडी पडली. शेळ्या तिथं तोंड लावत नव्हत्या. नवऱ्यानं मंडळाला पत्र लिहिलं की पावसाआधी ओळी पुन्हा घालाव्यात. उत्तर आलं की विषय पुढील बैठकीत घेण्यात येईल. दगड चौथऱ्यात होते. चौथरा फोडायला मंडळ तयार नव्हतं, कारण पुढच्या हिमोत्सवाला तो लागणार होता.

म्हणून फेब्रुवारीपासून तो ओढ्यातले दगड एकेक करून नेऊ लागला. रोज एक, रविवारी दोन खेपा. बाबा बसवत. गावातलं आणखी कुणी आता येत नव्हतं. गॅस आला होता, सरपणाला कोण जाणार. मी एकदा त्याला म्हटलं, "अरे, तुलाच काय पडलंय? आपली वाट आहे का ती?" तो ट्यूब ताणून दगड बांधत होता. म्हणाला, "पाणी तर सगळ्यांचंच येणार."

जूनपर्यंत पाच ओळी झाल्या. उरलेल्या चार ओळींच्या जागी पावसानं आपलं काम केलं. वाट कापली, आणि वरून सपाट दिसेल पण आतून पोकळ असेल अशी कड तयार केली. जुलैत त्या कडेवरून तो सायकल ढकलत नेत होता. बाबांनी खालून पाहिलं. ते सांगतात, तो ओरडला नाही. सायकल आधी गेली. दगड कॅरिअरला बांधलेला होता.

चौदाव्या दिवशी आलेला तो मसुदा माझ्या टेबलावर चार दिवस पडून होता. सही केली तर त्याचं नाव राहील, हे खरं होतं. ग्रॅनाइट बरीच वर्षं टिकतं. आमच्या दोघांच्या पश्चात त्याचं नाव घेणारं कुणी नव्हतं, हेही खरं होतं, आणि अध्यक्षांना ते ठाऊक होतं. पण त्या नावाच्या मागं कायमचं हे राहणार होतं की तो छंदापायी मेला. आणि त्याखाली माझी सही असणार होती, आनंदाने. हिमोत्सव हा शब्द देऊन झाला होता. आता हा दुसरा.

तिसऱ्या दिवशी कंत्राटदार एकटा येऊन गेला. उंबऱ्यातच उभा राहिला.

"वहिनी, सही करून टाका ना. बोर्ड लागला की मार्गाला वरून मंजुरी लवकर येते. स्मारक बोलले की कोन नाय म्हनत नाय."

"तुमचे वडील काय म्हणतात?"

"आबा माज्याशी बोलत नाय," तो म्हणाला आणि चपला घालायला वाकला. त्या क्षणी त्याची मला थोडी कीव आली. अध्यक्षांची कधी आली नाही.

चौथ्या दिवशी मी भाषा बघितली. त्यांनी सांगितलंच होतं. मसुद्यातली सगळी वाक्यं खोडली आणि खाली लिहिलं: या उतारावर पाणी वळवणाऱ्या दगडांच्या नऊ ओळी होत्या. मंडळानं त्या काढून त्यांचा चौथरा बांधला. उतारावर बर्फ आणि मीठ टाकलं. गवत मेलं. माझे पती ओळी परत घालत होते. पाच घालून झाल्या होत्या. या मजकुरासह नाव द्यायचं असेल तर माझी संमती आहे. शुद्धलेखन तपासलं, सही केली आणि चिटणिसांच्या हातात दिलं, कारण ते काही बोलणार नाहीत याची खात्री होती. त्यांनी कागद वाचला, मात्र माझ्याकडे पाहिलं नाही.

मंडळानं त्याचं उत्तर दिलं नाही. पुढे लिफ्टमध्ये अध्यक्ष भेटले की आकडे बघत. बायकांकडून कळलं की मी दुःखानं जरा बिथरले आहे, असं त्यांचं मत होतं, आणि सगळ्यांनी मला समजून घ्यावं, असंही. ग्रॅनाइटची पाटी त्याच्या नावाशिवाय लागली. दुसरा हिमोत्सव झाला नाही. अध्यक्ष मुलीकडे कायमचे राहायला गेले. तिथं बर्फ भरपूर आहे, आणि मला वाटतं, त्यावर मीठ टाकायचं काम नगरपालिका करते, रस्ते मोकळे करायला. त्यांनी कधीतरी खिडकीतून ते पाहिलं असेल. पाहून काय समजले असतील ते सांगता येत नाही.

पाऊस थांबल्यावर मी पहिल्यांदा वर गेले. बाबा ओढ्यापाशी बसले होते. माझे हात रिकामे पाहून म्हणाले, "बाय, दगड?" मी एक उचलला. फार मोठा उचलला आणि पहिल्या वळणापर्यंत तीनदा खाली ठेवावा लागला. बाबा मागून म्हणत होते, "त्याचा मोठा असायचा, सायकल होती त्याला. तू आपला लहान घे." सहावी ओळ पुरी करायला मला एप्रिल उजाडला.

बाबा आता नाहीत. चौथरा आहे. सायकल आमच्या गॅलरीत आहे, कॅरिअरला ट्यूब आहे. उतारावर दगडांच्या आठ ओळी आहेत.